रझांचा बिंदू आणि मंडल्याची रात्र

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या ‘बिंदू’विषयीची समीक्षा बहुधा शून्य, बीज, ब्रह्म या संज्ञांपाशी सुरू होते आणि तेथेच विसावते. मंडला जिल्ह्यातील बालपण, वडिलांची वनखात्यातील नोकरी हे चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात उरकले जाते. रायपूरच्या शंकर नगरातून पाहताना हा क्रम उलटावासा वाटतो. रझांच्या जन्मकाळी मंडला, नागपूर आणि रायपूर हे एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडातील जिल्हे होते. रात्रीच्या अरण्याचे भय, त्याची ओढ आणि उजाडताच वाटणारा दिलासा यांविषयी रझांनी स्वतःच सांगितले आहे. बिंदू पुढचा, आधी हा काळोख.

नागपूर, मुंबई आणि १९५० नंतर पॅरिस असा प्रवास झाल्यावर तो काळोख ‘तपोवन’ (१९७२) आणि ‘ला तेर’ (१९७३) या चित्रांत उसळून येतो. गडद पृष्ठावर तांबडे, पिवळसर रंग वणव्यासारखे धुमसतात. तौलनिक अभ्यासकाने येथे शीर्षकांपाशी थांबावे. संस्कृत नाव ऋषींच्या आश्रमाची शांती सुचवते. फ्रेंच नावाचा अर्थ नुसता ‘भूमी’, ‘माती’. रात्र मात्र एकाच कुळीची. माझ्या मते फ्रेंच शीर्षकच चित्राशी अधिक प्रामाणिक आहे, कारण ते भयाला पावित्र्याचे वस्त्र नेसवीत नाही.

‘माँ’ (१९८१) या चित्रात अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ देवनागरीत उतरते. तेथे शब्द दुराव्याचा भार वाहतो, म्हणून तो चित्राचाच अवयव होतो. पुढील काळातील ‘अंकुरण’, ‘प्रकृती-पुरुष’ या मालिकांत मात्र संज्ञा आधी येते आणि चित्र तिचे विवरण करू लागते. भूमिती नेटकी होते, अरण्य विरळ होते.

रझांना पर्यावरणाचे चित्रकार म्हणणाऱ्यांनी म्हणूनच जपून बोलावे. नर्मदेवरील बर्गी धरणाच्या जलाशयात मंडला, सिवनी व जबलपूर जिल्ह्यांतील गावे बुडाली, ती या उत्तरकाळातच. रझांच्या पंचतत्त्वांतील ‘जल’ या पाण्याला ओळखत नाही. स्मृतीने वर्तमानाची साक्ष द्यावीच असा आग्रह नाही. पण स्मृतीला साक्ष म्हणू नये.

तुलना करायचीच तर पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांच्याशी करावी. तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातलाच हा परधान गोंड चित्रकार ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात आला. त्याच्या अरण्यात प्रकृती नावाचे तत्त्व नाही. झाडे आहेत, जनावरे आहेत, आणि ठाकूर देव, बडा देव असे नावानिशी ओळखीचे देव आहेत.