‘सक्षम’ कोण? : अंगणवाडी सेविका आणि कर्मचारी सक्षमीकरणाची संकल्पना

सेवाक्षेत्राच्या व्यवस्थापनात कर्मचारी सक्षमीकरणाची चर्चा डेव्हिड बोवेन व एडवर्ड लॉलर यांच्या १९९२ मधील लेखाशिवाय पुढे सरकत नाही. कामगिरीची माहिती, कामगिरीशी निगडित मोबदला, ज्ञान आणि निर्णयाधिकार या चार गोष्टी ग्राहकासमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. (प्रत्येक व्यवसायाला हे सारखेच मानवेल असे नाही, हेही त्यांनीच बजावले आहे, वर्गात शिकविताना ते सहसा सुटते.) बुलडाणा जिल्ह्यात ही कसोटी लावावयाची, तर जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर काम करणारी अंगणवाडी सेविका हाच खरा नमुना ठरतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना २०२१ पासून ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली राबविली जाते. येथे ‘सक्षम’ हे विशेषण अंगणवाडीला लागले आहे, सेविकेला नव्हे. आणि हा केवळ शब्दांचा खेळ नाही. कोणत्या बाळाचे वजन घटले, कोणते कुटुंब मजुरीसाठी गाव सोडून गेले, हे ज्ञान तिच्यापाशी असते. परंतु आहार, वेळ आणि नोंदींचा नमुना वरून ठरून येतो. १ मार्च २०२१ रोजी पोषण ट्रॅकर आला. माहिती तिच्या हातून वर जाऊ लागली. त्या माहितीच्या आधारे गावपातळीवर काही बदलण्याचा अधिकार मात्र खाली आला नाही. इंग्रजी अ‍ॅप व निकृष्ट मोबाइल यांविरुद्ध त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी मोबाइल शासनाला परत केले. व्यवस्थापनाची पुस्तके अशा कृतीस ‘बदलाला विरोध’ म्हणतात. वस्तुतः कामाच्या साधनाविषयीचा तो सर्वांत जाणकार अभिप्राय होता.

मोबदल्याच्या बाबतीत तर मूळ सिद्धांतच अपुरा पडतो. बोवेन-लॉलर यांनी ‘कर्मचारी’ हा दर्जा गृहीत धरला आहे. येथे वेतन नाही, ‘मानधन’ आहे. सेविकांना उपदान कायदा लागू होतो, हे सांगण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका संपावर गेल्या, तेव्हाही मानधनवाढीबरोबर दर्जाचा प्रश्न होताच. ज्या व्यक्तीला कर्मचारी म्हणण्यास व्यवस्था कचरते, तिच्याकडे निर्णय सोपविणे तिला कसे रुचेल? कापूस वेचणीच्या दिवसांत आया सकाळीच शेतावर निघतात. तेव्हा अंगणवाडी किती वाजता उघडावी, एवढे ठरविण्यासाठीही सेविकेला वरच्या आदेशाकडे पाहावे लागते.