टायरच्या कडेवरची एक ओळ

१५५/८० आर १३ ७९टी.

ओळ एवढीच. काळ्या कडेवर काळ्याच अक्षरांत, रबरातूनच उठवलेली. ना रंग, ना शाई. चिखल बसला की बोटांनी चाचपून वाचायची. एक लिटर इंजिनाच्या वॅगनआरला हाच आकार लागतो, आणि पुण्यात कोथरूड ते हिंजवडी किंवा हडपसर ते शिवाजीनगर अशी रोजची ये-जा करणाऱ्या गाड्यांमध्ये असल्या लहान चाकांचीच गर्दी आहे. गाडीचा मालक चार-पाच वर्षं ही ओळ घेऊन हिंडतो आणि बहुधा एकदाही वाचत नाही. मे संपत आला, वळवाची पहिली सर आली आणि सिग्नलला गाडी जरा घसरल्यासारखी वाटली, की टायर बदलायचा विषय निघतो. मग दुकानात 'चारही घातले तर कितीला बसतील' इथपासून बोलणं सुरू होतं आणि तिथेच संपतं. कवितेच्या पुस्तकाची पाठीवरची किंमत वाचून ते विकत घ्यावं, तसा हा प्रकार. मजकूर वाचायचा राहूनच जातो, आणि हा मजकूर वाचण्यासारखा आहे.

त्याची पहिली गंमत मापांत आहे. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हा टक्का आहे: कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. १३ मात्र इंच, रिमचा व्यास. मिलिमीटर, टक्केवारी आणि इंच एकाच ओळीत शेजारी बसले आहेत आणि कोणालाही त्याचं काही वाटत नाही. मधला 'आर' रेडियलचा. मिशेलिनने १९४६ साली या बांधणीचं पेटंट घेतलं; टायरच्या पोटातले धागे तिरपे न घालता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ नेले आणि वर पोलादी पट्टा चढवला. त्यामुळे कड लवचीक राहिली आणि रस्त्याला टेकणारा भाग सपाट. आज गाडीच्या टायरवर 'आर' नसेल असं होत नाही, त्यामुळे हे अक्षर वाचताना डोळा पुढे सरकतो. सरकू द्यावा.

शेवटचं '७९टी' लवकर उरकता येतं. ७९ हा वजनाचा सांकेतिक आकडा: एका टायरला ४३७ किलो. चौघांचे मिळून १,७४८ किलो होतात आणि आपली गाडी माणसं-सामानासकट त्याच्या बरीच आत असते. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मुभा. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत रोज अडकणाऱ्या माणसाला हे अक्षर विनोदी वाटलं तर त्याची चूक नाही. या अक्षरमालेत आणखी एक खोडी आहे: एस, टी, यू अशी ती क्रमाने जाते आणि मग अचानक 'एच' येतं, २१० साठी; त्यानंतर व्ही. मुळाक्षरांचा क्रम मोडून मध्येच बसलेलं हे एच कुणीही हलवलेलं नाही.

या ओळीचा खरा जीव पहिल्या दोन आकड्यांत आहे, आणि तो पावसात कळतो.

पुण्यात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशी-ताम्हिणीच्या मानाने काहीच नाही, पण तो पडतो तेव्हा रस्त्यावर साचतो. समजा रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि टायरचा बारा सेंटिमीटर रुंद पट्टा ताशी साठच्या वेगाने त्यावरून चालला आहे. गणित सोपं आहे: प्रत्येक चाकाला दर सेकंदाला सहा लिटर पाणी वाटेतून बाजूला काढावं लागतं. हे काम नक्षीतल्या खाचा करतात. मधल्या उभ्या खाचा पाणी मागे सोडतात, कडेच्या तिरप्या खाचा बाहेर फेकतात. खाचांना ते पेललं नाही की टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, ती हळूहळू टायरखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतं. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं. नवशिक्याला ते सुखाचं वाटतं.

आता १५५ पुन्हा वाचा. अरुंद टायरला कमी पाणी बाजूला सारावं लागतं. गाडी 'भरलेली' दिसावी म्हणून १७५ चे टायर घालायची टूम आपल्याकडे आहे. त्यात बाजूला काढायचं पाणी एका फटक्यात तेरा टक्क्यांनी वाढतं, आणि गाडीचं वजन मात्र तेवढंच राहतं. दिसायला रुबाबदार टायर पावसात आधी तरंगायला लागतो. कंपनीने दिलेला बारीक, जरासा गरीब दिसणारा १५५ हा कंजूसपणा आहे असं मला वाटत नाही. ८० चंही तसंच. कडेची १२४ मिलिमीटरची उंची म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली जागा. पावसात खड्डा पाण्याखाली असतो, दिसत नाही, आणि बुटक्या कडेच्या टायरवर गाडी त्यात आदळली की आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. मोठं अलॉय व्हील आणि त्यावर बुटका टायर, या हौसेची ही खरी किंमत आहे आणि ती कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते.

एक गोष्ट या ओळीत मुळीच नाही, ती म्हणजे हवा. कडेवर दुसरीकडे बारीक अक्षरांत कमाल दाबाचा आकडा असतो; तो टायरची मर्यादा सांगतो, आपण भरायचा दाब नव्हे. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पावसाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'ने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून पाण्यावर तरंगण्याच्या वेगाचं एक सूत्र मांडलं. वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मोटारीला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा दाखवतं. खाचांपेक्षा पाणी खोल असेल तर ३० पौंड हवेला हा वेग साधारण ताशी ९० किलोमीटर येतो आणि २० पौंडाला ७५. महिनोन्‌महिने हवा न तपासलेली गाडी द्रुतगती मार्गावर पावसात नेणाऱ्यांनी हे दोन आकडे मनात ठेवावेत.

मग हिवाळी टायरचं काय? परदेशी गेलेली आपली मुलं दर ऑक्टोबरात टायर बदलतात हे आता घरोघरी ठाऊक झालं आहे. त्या टायरांच्या कडेवर एक छोटं चित्र असतं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर सक्तीचे आहेत; कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावावेच लागतात. आपल्या १५५ च्या कडेवर हे चित्र नाही, आणि नको. साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि पकड सोडतं. हिवाळी रबर त्याही थंडीत मऊ राहतं. पुण्याच्या वेधशाळेने नोंदवलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चं. अशा पहाटा इथे क्वचित येतात, आणि ऑफिसला निघेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. उलट एप्रिलच्या डांबरावर ते मऊ रबर पाहता पाहता झिजेल. काही टायरांवर 'एम+एस' असतं, चिखल आणि बर्फ यांची आद्याक्षरं. ती नक्षीबद्दल आहेत आणि टायर बनवणारा स्वतःच ती घालतो. त्यावर भुलून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

पण हिवाळी टायरचं तत्त्व इथेही लागू आहे: पकड रबराच्या मऊपणातून येते. खाचा पाणी काढून देतात, पण पाणी गेल्यावर उरलेल्या ओल्या डांबराला धरून ठेवायचं काम रबराचंच. अडचण अशी की जे रबर रस्त्याच्या खडबडीत कणांवर दबून ऊर्जा गिळतं तेच चांगलं धरतं, आणि ऊर्जा गिळणं म्हणजे पेट्रोल गिळणं. पकड हवी तर मायलेज द्या, मायलेज हवं तर पकड द्या, असा हा जुना तंटा. १९९२ साली मिशेलिनने रबरातल्या काजळीची बरीचशी जागा सिलिकाला दिली आणि हा तंटा पुष्कळसा मिटवला. टायरमध्ये सिलिका किती आहे हे कडेवर लिहिलेलं नसतं. कविता चांगली आहे, पण सर्वांत महत्त्वाचा शब्द कवीने गाळला आहे.

अगदीच गाळला आहे असं नाही; एका कोपऱ्यात दडवला आहे. गोलातलं इंग्रजी 'ई' आणि शेजारी एखादा आकडा शोधा. चार असेल तर मंजुरी नेदरलँड्सची, एक असेल तर जर्मनीची. त्याच्यापुढे लांबलचक क्रमांक आणि शेवटी काही अक्षरं: 'एस२ डब्ल्यू आर२', सलग लिहिलेली. एस आवाजासाठी, आर रोलिंग रेझिस्टन्ससाठी, म्हणजे पर्यायाने इंधनासाठी, आणि मधला डब्ल्यू ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. ज्या दोघांचं भांडण वर सांगितलं ते डब्ल्यू आणि आर इथे शेजारी उभे आहेत: टायरने दोन्ही परीक्षा दिल्या आणि किमान गुण मिळवले, असा त्याचा अर्थ. किती गुण, ते कळत नाही. भारतातही २०२२ साली केंद्र सरकारने या तिन्ही गोष्टींचे निकष आणले. तरी कडेवरच्या सगळ्या मजकुरात पावसाचा उल्लेख म्हणावा असा हा एकच, आणि तो ज्वारीच्या दाण्याएवढ्या टायपात.

मोठ्या टायपात काय असतं तेही पाहा. सिएटचा 'मायलेज', अपोलोचा 'अमेझर ४जी लाइफ', जेकेचा 'टॅक्सीमॅक्स'. कुणी किलोमीटर सांगतो, कुणी आयुष्य, कुणी टॅक्सी. युरोपात युनिरॉयलने १९६९ मध्येच 'रेन टायर' या नावाने टायर विकला, आणि चार महिने पावसात काढणाऱ्या आपल्या बाजारात लहान गाडीचा टायर खपतो तो टिकाऊपणाच्या नावावर. दोष कंपन्यांना देऊन भागणार नाही. दुकानात आपण विचारतो तेच: किती चालेल?

टिकाऊपणाच्या मोहाचा हिशेब खाचांच्या तळाशी होतो. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचेत आडवा एक रबरी उंचवटा असतो. कडेवर 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण त्याची जागा दाखवतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरलं, आणि आपल्या मोटार वाहन नियमांनुसार कारसाठी तीच शेवटची मर्यादा. हा उंचवटा ही टायर रचणाऱ्याची मला सर्वांत आवडलेली युक्ती आहे. यंत्र नाही, दिवा नाही. टायर स्वतःच झिजत झिजत आपला शेवट उघडा करतो. पण ती मर्यादा कायद्याची आहे, पावसाची नव्हे. १.६ वर येईपर्यंत पाणी वाहून नेण्याची ताकद कधीच संपलेली असते. जर्मनीतल्या मोटार संघटना उन्हाळी टायरही तीन मिलिमीटरवर बदलायला सांगतात. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जुलैत ब्रेक मारायची वेळ येणाऱ्याने तीनच धरावेत.

खाचा खोल असूनही टायर म्हातारा असू शकतो, विशेषतः ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदाच निघते त्यांचा. रबर उन्हाने आणि वयाने कडक होतं, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. वयासाठी 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा आरंभ. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना २०१३ पासून चालू आहे, भोसरीच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत टायरच्या चाचण्या होतात. इतकं सगळं दाराशी असलेल्या शहरात कुणी दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घ्यावा, याला काही अर्थ नाही.

तेव्हा लहान गाडीसाठी माझा कौल असा: आकार कंपनीने दिलेला तोच, जोडी पावसाआधी, आणि दोनच नवे घेणार असाल तर ते मागच्या चाकांना. दुकानदार 'इंजिन पुढे आहे, ओढते पुढची चाकं' म्हणून पुढे बसवायला निघेल. त्याला नाही म्हणा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की सावरते; मागची घसरली तर ती गिरकी घेते आणि बहुतेकांना ती सावरता येत नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात. आणि टायर रिमवर चढवायच्या आधी तो दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायला सांगा. तारखेचे चार आकडे पुष्कळदा एकाच कडेवर असतात. ती बाजू आत गेली तर ते वाचायला गाडी पुन्हा जॅकवर चढवावी लागते.