हळू आवाजाचा एकमेव अल्बम

वेल्समधील कार्डिफ शहराच्या ‘यंग मार्बल जायंट्स’ या बॅण्डने एकच अल्बम काढला. त्याचे नाव ‘कोलॉसल यूथ’. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ने तो फेब्रुवारी १९८० मध्ये प्रकाशित केला आणि पुढच्या वर्षभरात बॅण्ड मोडला. २००७ मध्ये ‘डोमिनो’ कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा ‘हरवलेला खजिना’ म्हणून त्याची चर्चा झाली. परंतु एखादी गोष्ट हरवली होती एवढ्यावरून ती मौल्यवान ठरत नाही. तेव्हा अल्बम स्वतः काय सांगतो, ते पाहिले पाहिजे.

पंकच्या गदारोळातून ‘न्यू वेव्ह’ची लाट आली होती. लंडनपासून दूरच्या शहरातील बॅण्डने लक्ष वेधायचे, तर अधिक मोठ्याने ओरडायचे, हा सोपा मार्ग होता. या तिघांनी तो नाकारला. स्टुअर्ट मॉक्सहॅमची गिटार दाबलेल्या तारांवर टकटक करते. त्याचा भाऊ फिलिप याचे बास चाल पुढे नेते. ढोलवादक नाही, ठेका यंत्राचा. ॲलिसन स्टॅटन तर शेजारच्या खोलीत काम करता करता गुणगुणावे, तशी गाते.

उर्दू शिकवताना मुलांना नेहमी सांगावे लागते की, शेराच्या दोन मिसऱ्यांत जे म्हटलेले नाही, तेही ऐकू आले पाहिजे. इथे तेच घडते. सुरांमधल्या रिकाम्या जागाच अधिक बोलतात.

दोष आहेतच. पंधराही रचनांचा पोशाख सारखाच. एका बैठकीत ऐकताना त्या एकमेकींत मिसळतात. काही गीतांचे शब्दही तोकडे वाटतात.

कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बममध्ये याची गणना केली आणि त्याचे नाव जगभर गेले. ‘होल’ या अमेरिकन बॅण्डने १९९४ मध्ये यातील ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ हे गाणे कर्कश गिटारी लावून गायले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. ‘होल’चा संताप लगेच कळतो, मूळ गाण्यातला उपरोध मात्र नंतर टोचतो आणि टोचतच राहतो.

लहान जागेच्या माणसाला मोठ्या नावांची शिफारस लाभली, की आपण त्या नावांच्या कानांनी ऐकू लागतो. या अल्बमला त्या मेहरबानीची गरज नाही. लक्ष देऊन ऐकणारा एक कान त्याला पुरेसा आहे.