फाल्गुनरावाच्या वाट्याची एक ओळ

'संशयकल्लोळ'च्या एका नव्या प्रयोगाचे परीक्षण नुकतेच वाचले. रेवतीच्या ताना, अश्विनशेठचा गळा, ऑर्गन-तबल्याची साथ, कोणत्या पदाला वन्समोअर मिळाला, सगळे तपशीलवार होते. अगदी शेवटी एक ओळ : फाल्गुनरावाच्या भूमिकेत अमक्यांनी धमाल उडवली. ज्याच्या डोक्यातल्या संशयावर अख्खे नाटक उभे आहे, त्याच्या वाट्याला एवढेच. संगीत नाटकावरचे लेखन वर्षानुवर्षे याच ओळीवर येऊन थांबते, आणि मला त्याचा संताप येतो.

नाटककार देवलांनी हे नाटक १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' या नावाने लिहिले ते गद्य नाटक म्हणून. मूळ आर्थर मर्फीचे, आणि मर्फीच्या मागे मोलिएर. पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' झाले ते १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीत. म्हणजे एकही पद नसताना हे नाटक रंगभूमीवर चालत होते. फाल्गुनराव नसता तर ते लिहिलेच गेले नसते.

गंधर्व मंडळीत बालगंधर्व रेवती होते आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. याच बोडसांनी १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीत 'मानापमाना'तला लक्ष्मीधर केला होता आणि पुढे 'एकच प्याला'तला सुधाकरही त्यांनीच केला. हसवणारा फाल्गुनराव आणि संसाराची राख करणारा सुधाकर एकाच नटाचे, हे सगळ्यांना पाठ आहे; त्याचा अर्थ मात्र फारसा कोणी लावत नाही. माझ्या मते दोन्ही भूमिकांची मागणी एकच आहे. आपल्यावर जे कोसळते आहे ते खरे आहे, असा नटाचा पूर्ण विश्वास हवा. विनोदी नट म्हणून मी ज्याला मानतो तो याच वळणाचा.

तसबिरीचा प्रवेश आठवा. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. प्रेक्षकाला सगळे ठाऊक आणि या दोघांना काहीच नाही. अशा वेळी फाल्गुनरावाने प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावला की प्रवेश तिथेच संपतो, कारण त्याला स्वतःचा संशय खोटा वाटतो आहे हे उघड होते. त्याच्या पोटात खड्डा पडला तरच प्रेक्षागृह हसते. त्यातून हे सगळे त्याला गाण्यांच्या मध्ये करायचे असते. समोर तीन-तीन वन्समोअर चालू असतात, गोष्ट थांबलेली असते, प्रेक्षक रागात बुडालेला असतो. समेवर सुटलेला हा प्रेक्षक उचलून पुन्हा घराच्या दारात, संशयाच्या तावडीत आणून सोडायचा, तेही एका वाक्यात. ते वाक्य कोणत्या पट्टीत पडले, किती थांबून पडले, यावर पुढचा अर्धा तास ठरतो. ही लयीचीच कामगिरी आहे. तबलजीच्या लयीवर परिच्छेद लिहिणाऱ्यांना ती ऐकू येत नाही.

आजचे नट प्रशांत दामले यांच्याबद्दलही हेच झाले. त्यांचे कौतुक उदंड होते, पण आकड्यांचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदमध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला, हे प्रत्येकाने लिहिले. 'एका लग्नाची गोष्ट'मध्ये सुखावरचे गाणे दामले कसे म्हणतात, हे किती जणांनी लिहिले? बोलता बोलता ते गाण्यात शिरतात, आवाज बदलत नाहीत, गायकाचा पवित्रा घेत नाहीत; गाणे हा संवादाचाच पुढचा भाग होतो. नंतर राहुल देशपांडे यांच्या अश्विनशेठसमोर त्यांनी फाल्गुनराव केला, तेव्हा गायक नट आणि विनोदी नट यांचा तोल कसा साधतो याची उघड परीक्षाच रंगमंचावर मांडलेली होती. चर्चा मात्र बहुतेक गाण्यांची झाली.

उलट बाजूला पदरची वाक्ये घालणाऱ्यांची रांग लागली आहे. फाल्गुनरावाच्या तोंडी मोबाइल आणि मालिकांची नावे घालून हशा वसूल करणे सोपे आहे. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके त्या दिवसाच्या बातमीवर बोलत, कारण वगाचा तो धर्मच आहे. तिथे सोंगाड्याला मोकळे रान हवे. देवलांचे वाक्य मात्र मोजून बांधलेले आहे. त्यात भर घालणे म्हणजे बंदिशीत आपले शब्द कोंबणे.  

खरा अपराध संक्षेपाचा आहे. पाच अंकांचे नाटक अडीच तासांत बसवताना कात्री नेहमी गद्यावर चालते. पद कापले तर प्रेक्षक ओरडतो, म्हणून 'मानापमाना'त लक्ष्मीधराचे प्रवेश जातात, 'शारदे'त लग्नाचा दलाल भद्रेश्वर दीक्षिताचे बोलणे जाते. मग लक्ष्मीधर पहिल्याच प्रवेशात नुसता बावळट ठरतो. असा बावळट समोर असेल तर धैर्यधराचा अपमान करणाऱ्या भामिनीच्या मनात पैसा आणि पराक्रम यांची ओढाताण उरतेच कुठे? खाडिलकरांचे नाटक तिथे मोडते आणि आपण गाण्यांना टाळ्या वाजवत बसतो. देवलांच्या 'शारदे'तही तेच. भद्रेश्वराची लाघवी, हसवणारी दलाली ऐकल्याशिवाय म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाची किळस पुरती येत नाही. हसणे कापले की देवलांचा राग बोथट होतो.

संगीत नाटक मरते आहे अशी ओरड करणाऱ्यांनी आधी हे पाहावे. गळे आजही तयार होतात, गुरू आहेत, शिष्यही आहेत. गद्य नटाला घडवणारी जागा मात्र कुठेच नाही आणि त्याच्या कामाचे मोल करणारी समीक्षाही नाही. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे : पुढच्या 'संशयकल्लोळ'ला जाल तेव्हा निम्मी जागा फाल्गुनरावाला द्या. निर्मात्यांनी दोन पदे कमी करावीत आणि कापलेला गद्य प्रवेश परत आणावा.