कडू औषध आणि ‘नॅनो’ची जादू

औषध ‘नॅनो’ केले की त्याचा कडूपणा जातो, असे लेख हल्ली वाचनात येतात. आम्हांला हे पटत नाही. प्रश्न क्षुल्लक नाही. हिवतापाचे क्लोरोक्विन मूल पुष्कळदा ओकून टाकते आणि मात्रा अपुरी पडते. पण जिभेला कडू लागतो तो लाळेत विरघळलेला रेणू. 1 मिलिमीटरचा कण 100 नॅनोमीटरच्या कणांत फोडला, तर एकूण पृष्ठफळ 10,000 पट होते. म्हणजे औषध लवकर विरघळून अधिकच कडू लागेल! कडूपणा लपवते ते आवरण: लाळेत (सामू सुमारे 7) टिकणारे, जठरातील आम्लात विरघळणारे. अशी पॉलिमरची आवरणे ‘नॅनो’चा बोलबाला होण्यापूर्वीचीच. शिक्षकांनी वर्गात खडीसाखर आणि पिठीसाखर, दोन्ही चाखायला द्यावीत. आधी गोड काय लागते ते मुलेच सांगतील.