‘सावकारी पाश’ : एका हरवलेल्या मूकपटाची कीर्ति

संग्राहक वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु मूळ पोथी नष्ट झाली असतां उत्तरकालीन उल्लेखांवरून तिची योग्यता ठरविण्याचा प्रसंग त्यांस नवा नाहीं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं काढिलेल्या या मूकपटाची स्थिति तशीच आहे. कथा नारायण हरि आपटे यांची. शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें. पुराणकथांत व ऐतिहासिक पराक्रमांत रमलेल्या पडद्यावर, कर्जापायीं जमीन गमावून शहरांतील गिरणी गांठणारा कुणबी आणणें हा धाडसाचाच प्रयोग होता. वास्तववादी भारतीय चित्रपटाचा आरंभ येथून धरण्याची रूढि पडली आहे. मूळ फिल्म मात्र आज पाहावयास मिळत नाहीं.

मग ही कीर्ति कशाच्या आधारें टिकली? तिच्या समर्थनार्थ वारंवार पुढें येते ती जे. बी. एच. वाडिया यांची आठवण : अंधुक प्रकाशांतील एक उदास झोपडी आणि कुत्र्याचें रडणें. पण मूकपटांत कुत्रें रडेल कसें? वाडियांचें तें वर्णन पेंटरांनीं १९३६ सालीं त्याच नांवानें काढिलेल्या बोलपटाचें आहे. मूकपट आपणांस पुसटच आठवतो, असें त्यांनींच म्हटलें आहे. उत्तरकालीन प्रतींतील ओवी मूळ प्रतीच्या पदरीं बांधावी, तसाच हा प्रकार! बोलपटावरून मूकपटाच्या प्रकाशयोजनेचें अनुमान करितां येईल. तें सिद्ध झालें असें म्हणतां येणार नाहीं.

या कथेची दुसरी कसोटी नगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें—पारनेर तालुक्यांतील सुपें तें निराळें—सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो लवकरच पारनेर, श्रीगोंदें या भागांत पसरला. दंगेकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हे, तर रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता; ते हिसकावून त्यांनीं जाळिले. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. चित्रपटांतील कुणबी कर्जापुढें हरून गांव सोडतो. नगरच्या कुणब्यांनीं, निदान एकदां तरी, कर्जाचा कागदच जाळिला. यास्तव या पटास शेतकऱ्याच्या स्थितीचें संपूर्ण चित्र म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. एका घराच्या नाशाचें तें चित्र होय, आणि तेवढें पडद्यावर आणण्याचा मान पेंटरांचाच.

मूकपटांच्या काळीं प्रेक्षकांस कथासार छापिलेलीं पत्रकें मिळत. कोणाच्या दप्तरांत १९२५ चें असें पत्रक किंवा जाहिरात असल्यास, बोलपटाच्या आठवणींपेक्षां त्या चिठोऱ्यास आम्ही अधिक प्रमाण मानूं.