टेडी नसेल, तर आईचं लुगडं?

बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली मांडलेली कल्पना तशी साधी आहे. तान्हं मूल एखादी मऊ वस्तू आपलीशी करतं: टेडी, नाहीतर चादरीचं टोक. आई जवळ नसली की तीच आधार देते. ती धुतली आणि वास गेला, तर मुलासाठी तिचा अर्थच मोडू शकतो, असंही ते म्हणतात.

१९७० मध्ये रेनाटा आणि युजेनिओ गद्दिनी यांनी इटलीत मोजणी केली. अशी वस्तू असलेली मुलं रोम शहरात सुमारे ३१ टक्के, तर खेड्यांत जेमतेम ५ टक्के निघाली. कारण दिलं गेलं ते असं: आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलाला वस्तूची गरज कमी भासते.

पटतं, पण अर्धंच. हा सगळा हिशेब रात्रीचा झाला. आपल्या गोंदियाकडे मूल झोपतं आईजवळच. ताटातूट होते ती दिवसा. धानाची रोवणी लागली की आई सकाळीच बांधीत जाते, मूल आजीकडे. आजीने पाळण्यात घातलेलं आईचं जुनं लुगडं मग कशात मोजायचं? ‘आवडतं खेळणं कोणतं?’ या प्रश्नाला ते सापडणारच नाही.

कुणी म्हणेल, लुगडं मुलाने कुठे निवडलं? अहो, टेडी तरी दुकानातून मोठ्यांनीच आणलेला असतो! खरी कसोटी एवढीच: दुसरं लुगडं दिलं तर मूल गप्प होतं, की तेच मागतं? अंगणवाडीत आलेल्या पोराच्या हातातलं मळकं फडकं काढून घेण्याआधी एवढं तरी बघायला हवं.